भिंत कोणाची? वारली चौक आणि कार्ल्याचे स्तंभ

पालघर जिल्ह्यात कार्यालयांच्या व स्थानकांच्या भिंतींवर वारली चित्रे आता नेहमीचीच झाली आहेत. ती सुंदर असतात. परंतु बहुधा ठेक्याने काढलेली असतात आणि शेजारी राहणाऱ्यांचा हात त्यांना लागलेला नसतो.

वारली लग्नघरात रीत वेगळी आहे. आतली भिंत शेणाने सारवून गेरूने रंगवितात. तिच्यावर सवाशिणी मिळून, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने व बांबूच्या काडीने लग्नाचा चौक काढतात. मधोमध पालघट देवी असते. धवलेरी गाणी गाऊन लग्न लावते. चौकाशिवाय विवाह लागत नाही. चित्र एकीचे नसल्याने त्याखाली सहीही नसते. १९७०च्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे कागदावर आली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. समाजाला त्यामुळे मान लाभला, हे निर्विवाद. भिंतीभोवतीचा मेळा मात्र कागदाबरोबर गेला नाही.

आपण बौद्ध. देवीचा चौक शाळेच्या भिंतीवर काढणे आपल्या प्रतिज्ञांना धरून होणार नाही; शिवाय दुसऱ्याच्या पूजेची शोभेची वस्तू करणेही उचित नव्हे. घ्यायची ती मिळून काढण्याची रीत, आणि ती आपल्याही परंपरेत आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभ कोणा एका राजाने दिलेले नाहीत. त्यांवरील लेखांत धेनुकाकटाचे यवन दाते आहेत, आणि आपल्याच जिल्ह्यातील सोपाऱ्याचा एक भाणकही आहे. दर्शनी भागाच्या कामात सुताराचे नाव आहे, गंध्याचेही आहे. प्रत्येकाने आपला वाटा दिला, नाव कोरले आणि छत मात्र सर्वांचे झाले.

बोईसर-तारापूर परिसराला याची निकड अधिक आहे. अणुऊर्जा प्रकल्पाच्या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. औद्योगिक वसाहतीत अनेक प्रांतांतून कुटुंबे आली. जमिनीचा व भरपाईचा प्रश्न चित्राने सुटत नाही, आणि सुटतो असे भासविणे हा अन्यायच होईल. परंतु तुटलेला शेजार एकत्र काम केल्याविना जुळत नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते की शाळेच्या कुंपणभिंतीवर प्रत्येक पालक-कुटुंबास हातभर जागा द्यावी. मुलाने आईला किंवा आजीला विचारून आपल्या गावाची एक आठवण तेथे काढावी. विषय शिक्षकांनी ठरवू नये. वारली पालकांनी गेरू कालवायला शिकवावे. पावसाळ्यात रंग धुऊन जाईल. तेव्हा पुढील वर्षी त्याच कुटुंबांना पुन्हा बोलवावे लागेल, आणि नव्याने आलेल्यांनाही.