गणाचार आणि लहानगे लिंगधारी

पंचाचारांपैकी लिंगाचार, सदाचार, शिवाचार व भृत्याचार यांविषयी सद्भक्त आम्हांस वारंवार विचारतात. गणाचाराविषयी क्वचितच कोणी विचारतो. शिवाची व शिवभक्तांची अवहेलना सहन न करणे, हा त्याचा रूढ अर्थ. तो ऐकला की पुष्कळांना निषेधाची सभा आणि वर्तमानपत्रातील पत्रक एवढेच आठवते. परंतु शिवभक्त कोणास म्हणावे, हे आधी पाहिले पाहिजे.

आपल्या परंपरेत मूल मातेच्या उदरात असतानाच लिंगधारणेचा संस्कार करतात व जन्मानंतर बाळाला इष्टलिंग बांधतात. मूल पुढे कधीतरी भक्त होईल, असा याचा भाव नाही. ते त्याच दिवसापासून भक्त आहे. मग त्याच्या देहाला कोणी दुष्ट हेतूने हात लावला, किंवा त्याला चारचौघांत हिणवले, तर अवहेलना कोणाची झाली? आणि ज्याच्या अंगावर लिंग नाही ते मूल? दारी आलेल्याला परका न म्हणता घरचा मानावा, ही बसवण्णांची शिकवण आहे. ऊसतोडीच्या हंगामात आपल्या भागात फडाच्या कडेला खेळणारी, शाळा सुटलेली पोरे तीत येतात. दासोहाचे ताट त्यांच्यापर्यंत जाते. शाळेत त्यांचे नाव घालायला मात्र कोणी जात नाही.

गण म्हणजे समूह. एकट्या आईला जे झेपत नाही ते गणाने करावयाचे असते. अपराधी बहुधा ओळखीचाच असतो, कधी घरातलाच. मूल अडखळत काही सांगते, आई घाबरते. मग ‘पोरीच्या लग्नाचे काय’ म्हणून पंच बसतात आणि प्रकरण मिटवतात. याला कोणी गणाचार समजू नये. हा अपराध्याला दिलेला आश्रय आहे. 2012 च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार 18 वर्षांखालील मुलावर असा अपराध झाल्याचे ज्याला कळते त्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा अपराध लपविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. संकटातील मुलासाठी 1098 हा दूरध्वनी आहे. गणाचे काम एवढेच की मुलावर विश्वास ठेवावा, आईसोबत ठाण्यापर्यंत जावे, मुलाचे नाव गावभर होऊ देऊ नये, आणि पुढे त्या घराशी रोटीव्यवहार तोडू नये. हे शेवटचे सर्वांत अवघड, असा आमचा अनुभव आहे.

मठांनी येथे स्वतःला वेगळे काढू नये. आमच्या मते प्रत्येक प्रसादनिलयात मुलांना भेटण्यास पालकांना वेळेची आडकाठी नसावी. मुलींच्या निवासाची देखरेख स्त्रियांकडेच असावी. अक्कन बळगाच्या दोन-तीन जाणत्या माउलींनी दर महिन्याला येऊन व्यवस्थापकांच्या अनुपस्थितीत मुलांशी बोलावे. बंद दाराआड एकट्या मुलासोबत कोणीही बसू नये. कोणीही म्हणजे स्वामीसुद्धा. यात गुरूचा अपमान होतो असे ज्यांना वाटते त्यांनी भृत्याचार पुन्हा वाचावा. जो स्वतःला शरणांचा सेवक म्हणवतो त्याला सेव्यांनी प्रश्न विचारल्याचा राग का यावा?

रक्षणाइतकाच मानही महत्त्वाचा. ज्याचे बोलणे एरवी कोणी ऐकत नाही, ते मूल संकटातही बोलणार नाही. चन्नबसवण्णा हे बसवण्णांचे भाचे, वयाने लहान. तरी षट्स्थलाचा उलगडा त्यांनी केला आणि वडीलधाऱ्या शरणांनी तो ऐकला. आपल्याकडे शिवानुभव गोष्टीत मुले पुढच्या रांगेत बसतात खरी, पण गप्प राहण्यासाठी! श्रावणातील प्रवचनांपासून आरंभीचा पाव तास त्यांच्या प्रश्नांसाठी राखावा. उत्तर येत नसेल तर तसे सांगावे, आणि पुढच्या सोमवारी शोधून आणावे.