डॉक्टरांच्या मिळकतीचा विमा

कांग नदीच्या काठी वसलेले जामनेर हे जळगाव जिल्ह्यातील एका मोठ्या तालुक्याचे मुख्य ठिकाण. पहूर, शेंदुर्णी, नेरी, फत्तेपूर, वाकोद अशा गावांतील शेतकरी व मजूर औषधोपचारासाठी येथे येतात. शासकीय रुग्णालयाबरोबरच खासगी दवाखान्यांवरही तालुक्याच्या आरोग्याचा मोठा भार आहे. असा दवाखाना बहुधा एकाच डॉक्टरच्या श्रमावर चालतो. तो डॉक्टर स्वतःच आजारी पडला किंवा अपघातात सापडला, तर त्याच्या मिळकतीचे काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

उपचाराचा खर्च आणि बुडालेली मिळकत

उदाहरणादाखल, तालुक्याच्या गावी स्वतःचे लहान रुग्णालय चालविणाऱ्या एखाद्या शल्यचिकित्सकाचा विचार करावा. मोटारसायकलवरून पडून त्याचे उजवे मनगट मोडले व सहा महिने शस्त्रक्रिया करणे त्याला अशक्य झाले. आरोग्य विमा असल्यास त्याच्या उपचाराचा खर्च भागेल. परंतु रुग्णालय बांधण्यासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता दरमहा ४० हजार रुपये, परिचारिका व इतर सेवकांचे पगार ६० हजार, वीज व देखभाल २० हजार आणि घरखर्च ५० हजार असे धरले, तर दरमहा १ लाख ७० हजार रुपये लागतील. सहा महिन्यांत ही रक्कम १० लाख २० हजारांवर जाते. मिळकत मात्र पहिल्या दिवसापासून बंद झालेली असते.

आरोग्य विमा रुग्णालयाचे बिल देतो. बुडालेली मिळकत भरून देणे हे असमर्थता उत्पन्न विम्याचे काम होय. या दोहोंतील फरक ध्यानात न घेतल्याने, 'विमा आहे' या समजुतीवर विसंबलेली कुटुंबे अडचणीत येतात.

नोकरदारांना असलेले संरक्षण

काम करता येत नाही त्या काळातही निर्वाहाचे साधन असावे, हा विचार जुना आहे. जर्मनीमध्ये १८८३ साली आजारपणाचा, १८८४ साली अपघाताचा आणि १८८९ साली वार्धक्य व असमर्थतेचा विमा कामगारांसाठी कायद्याने सुरू झाला. आपल्या देशात १९४८ च्या कायद्याने राज्य कामगार विमा योजना आली. तिच्यात आजारपणाच्या काळात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत, तर कामावरील दुखापतीमुळे आलेल्या तात्पुरत्या असमर्थतेत ९० टक्के रक्कम मिळते.

शासकीय सेवकांना अर्धवेतनी रजा, परिवर्तित रजा व विशेष विकलांगता रजा अशा तरतुदींचा आधार असतो. त्याशिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही. पूर्वीचे काम जमत नसल्यास त्याच वेतनश्रेणीतील दुसरे पद, आणि तेही नसल्यास अधिसंख्य पद द्यावे लागते. १९९५ च्या अधिनियमातही अशीच तरतूद होती.

त्यामुळे एकाच गावात शासकीय वैद्यकीय अधिकारी व खासगी डॉक्टर यांच्यावर सारखाच प्रसंग ओढवला, तर दोघांची स्थिती अगदी भिन्न होते. एकाचे वेतन कायद्याने सुरक्षित राहते. दुसऱ्याला रजाही नसते आणि वेतनही नसते, कारण तो स्वतःच आपला मालक असतो.

अपघात विम्याची मर्यादा

ब्रिटनमधील डॉक्टरांनी ही उणीव ओळखून १८८४ मध्येच आपल्या व्यवसायबंधूंसाठी आजारपणात आर्थिक मदत देणारी परस्पर साहाय्य संस्था उभारली. पाश्चात्य देशांत पुढे 'स्वतःचा व्यवसाय' ही व्याख्या असलेल्या पॉलिसी रूढ झाल्या. विमेदाराला दुसरे एखादे काम करता येत असले, तरी स्वतःचा नेमका व्यवसाय करता येत नसेल तर त्याला दरमहा रक्कम मिळते, असा या व्याख्येचा अर्थ. आपल्याकडे आजार व अपघात या दोन्ही कारणांसाठी दीर्घकाळ मासिक उत्पन्न देणारा असा विमा सहजपणे उपलब्ध नाही. त्याऐवजी वैयक्तिक अपघात विमा घेतला जातो.

या विम्यात कायमच्या अंशतः असमर्थतेची भरपाई अवयवांच्या तक्त्यानुसार ठरते. प्रचलित तक्त्यांत संपूर्ण अंगठा गमावल्यास विमा रकमेच्या २५ टक्के, तर संपूर्ण तर्जनी गमावल्यास १० टक्के रक्कम धरलेली असते. हिशेब ठेवणाऱ्या माणसाचे काम तर्जनीवाचून चालू शकेल. शल्यचिकित्सकाचा मात्र सारा व्यवसायच संपुष्टात येऊ शकतो. तक्ता दोघांनाही सारखीच रक्कम देतो, कारण त्यात अवयवाचे मोल धरलेले असते, त्या अवयवातील कौशल्याचे नव्हे.

तात्पुरत्या असमर्थतेसाठी आठवड्याला ठरावीक रक्कम देण्याची सोयही काही पॉलिसींत असते. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांनी विक्रीस आणलेल्या 'सरल सुरक्षा विमा' या प्रमाणित पॉलिसीत ही सोय ऐच्छिक असून तिचा दर आठवड्याला विमा रकमेच्या ०.२ टक्के आहे. म्हणजे ५० लाखांच्या विम्यावर आठवड्याला १० हजार रुपये. वरील उदाहरणातील डॉक्टरला २६ आठवड्यांचे २ लाख ६० हजार रुपये मिळतील, आणि ७ लाख ६० हजार रुपयांची तूट राहील.

याहून मोठी उणीव आजारपणाची आहे. मणक्याचा विकार, क्षय, कंपवात किंवा दृष्टिदोष यांमुळे काम थांबले, तर अपघात विमा काहीच देत नाही. गंभीर आजार विम्यात पॉलिसीत नाव असलेल्या रोगांसाठीच, आणि ठरलेल्या अटी पूर्ण झाल्यावरच, एकरकमी रक्कम मिळते. मार्च २०२० मध्ये कोरोनाकाळात केंद्र शासनाने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी जाहीर केलेले ५० लाख रुपयांचे विमा संरक्षणही मृत्यूपुरतेच होते. आजारातून वाचूनही दीर्घकाळ काम न करू शकणाऱ्यांसाठी त्यात तरतूद नव्हती.

काय करता येईल

या परिस्थितीत एकाच पॉलिसीवर न विसंबता अनेक साधनांची सांगड घालणे इष्ट ठरते. साप्ताहिक भरपाईसह वैयक्तिक अपघात विमा, गंभीर आजार विमा आणि किमान सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी हाताशी ठेव, ही तीन साधने प्राथमिक होत. कर्ज घेतेवेळीच हप्त्यांच्या संरक्षणाचा विमा पाहावा. दवाखाना बंद पडू नये यासाठी परिसरातील व्यवसायबंधूंशी आळीपाळीने काम पाहण्याचा लेखी करार करून ठेवणेही उपयुक्त असते.

पॉलिसी घेताना 'असमर्थता' या शब्दाची व्याख्या, भरपाई सुरू होण्यापूर्वीचा प्रतीक्षाकाळ आणि वगळलेली कारणे या तीन गोष्टी प्रथम वाचाव्यात. मधुमेह, रक्तदाब यांसारखे विकार प्रस्तावात लपवू नयेत, कारण पुढे दावा नाकारला जाण्याचे ते एक प्रमुख कारण ठरते. भरपाई मिळकतीशी निगडित असल्यास आयकर विवरणपत्रे हाच पुरावा मानला जातो, म्हणून ती दरवर्षी वेळेवर भरावीत. दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. कंपनीने तक्रार नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत हा अर्ज करावा लागतो.

गावाच्या दृष्टीने

हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही. तालुक्यातील एक रुग्णालय बंद पडले, तर तेथील परिचारिका व सेवकांचा रोजगार जातो आणि रुग्णांना जळगावचा प्रवास व त्याचा खर्च सोसावा लागतो. शिवाय स्वतःच्या श्रमावर जगणाऱ्या शेतकऱ्याची, सुताराची व रिक्षाचालकाची स्थितीही हीच आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदाराला वार्षिक २० रुपयांत अपघाती मृत्यू वा पूर्ण कायम असमर्थतेसाठी २ लाख व अंशतः कायम असमर्थतेसाठी १ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. ही रक्कम डॉक्टरांच्या गरजेच्या मानाने अल्प आहे, पण मजुराच्या घराला तिचा आधार मोठा आहे.

या योजनेचे विमा वर्ष १ जून ते ३१ मे असे असते व हप्ता खात्यातून परस्पर वळता होतो. खात्यात त्या वेळी शिल्लक नसल्यास संरक्षण खंडित होऊ शकते. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी दरवर्षी मे महिन्यात गावकऱ्यांना याची आठवण करून द्यावी. त्याच महिन्यात गावातील डॉक्टरांनीही आपली पॉलिसी काढून 'असमर्थता' या शब्दाची व्याख्या पुन्हा एकदा वाचावी.