मुलांना आपलं करा, त्यांच्या आईला परकं करू नका

डिंडोलीत आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत. नंदुरबार, धुळे, जळगावकडून पोटासाठी सुरतेला आलेली, नवरा लूम्सच्या खात्यात आणि बाई घरी साड्यांना लेस लावते अशी. यातल्या कितीतरी घरांत नात्यातलं एखादं पोर वाढत असतं. भावाचं आहे, बहिणीचं आहे, सांभाळायचं, एवढाच विचार असतो. मीही अशीच एक आत्या. भाऊ गेला, पुढे वहिनीने दुसरं लग्न केलं, नव्या घरात मुलांना जागा नव्हती. नऊ वर्षांची भाची आणि चार वर्षांचा भाचा आमच्याकडे आले. त्यांना खायला काय घालायचं, निजवायचं कुठे, हे आम्ही ठरवलं होतं. त्यांच्या मनात काय चाललं असेल, हे मात्र सांगणारं कुणी नव्हतं.

भाची सुरुवातीला फार शहाण्यासारखी वागायची. न सांगता भांडी घासायची, ताटात पडेल ते खायची, कशालाच नाही म्हणायची नाही. शेजारणी कौतुक करायच्या. मला मात्र ते बघवत नसे, कारण तिच्या उशीखाली अर्धी पोळी सापडायची. उद्या इथूनही काढलं तर काय, ही धास्ती त्या शहाणपणामागे होती. धाकटा रात्री अंथरूण ओलं करायचा. असं पोर घरात असेल तर त्याला रागावू नका, चारचौघांत तर बोलूच नका. पोळ्यांचा डबा हात पोचेल तिथे ठेवा आणि सांगा, विचारायचं नाही, घ्यायचं. अंथरुणाखाली प्लॅस्टिक घाला आणि विषय वाढवू नका. दोन्ही गोष्टी हळूहळू आपोआप कमी होतात.

खरा घोर पुढेच होता. आखाजीच्या सणाला माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात, गाणी होतात. नात्यातली एक बाई भाचीच्या देखतच म्हणाली, ‘हिची माय नवरा करून गेली, तिला कसली लेकराची आठवण?’ भाची गप्प राहिली. संध्याकाळी ती घरात नव्हती. सगळी गल्ली पालथी घातली. ती उधना स्टेशनवर सापडली, अमळनेरकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत. वहिनी तिकडे राहते. एका फळवालीने पोरगी एकटी बघून तिला जवळ बसवून घेतलं होतं आणि १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन लावला होता. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. घरी आल्यावर भाचीने मला एवढंच विचारलं, ‘आत्या, माय वाईट आहे का?’

आईला वाईट म्हटलं की त्या पोराला स्वतःचंच निम्मं अंग वाईट वाटू लागतं. तेव्हापासून आमच्या घरात वहिनीबद्दल वाकडं बोलायला बंदी आहे, सासूबाईंनासुद्धा. भावाचा आणि वहिनीचा लग्नातला फोटो भिंतीवर आहे. दर रविवारी फोन होतो, कानबाईच्या सणाला वहिनी येते. हे सोपं नाही. ती आली की धाकटा माझ्या मांडीवरून उठून तिच्याकडे धावतो, आणि ज्याची तापाची रात्र मी जागून काढली ते पोर माझ्याकडे वळूनही बघत नाही. ती गेल्यावर तो चिडचिड करतो, वस्तू फेकतो. लोक म्हणतात, भेटीच बंद करा. करू नका. त्याचा राग भेटीचा नसतो, निरोपाचा असतो.

कायदाही याच बाजूने आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्यात, कलम ४४ मध्ये, पालक कुटुंबात ठेवलेल्या मुलाला त्याचे आईवडील भेटू शकतात अशी तरतूद आहे. मुलाच्या हिताचं नाही असं बाल कल्याण समितीला वाटलं तरच भेट थांबते. पुढे आईवडील सांभाळायला लायक ठरले तर मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकतं. तुम्हाला नात्याबाहेरचं मूल सांभाळायचं असेल तर याच समितीमार्फत जावं लागतं. २०२४च्या नव्या नियमावलीने एकट्या व्यक्तीलाही ती वाट मोकळी केली आहे, फक्त एकट्या पुरुषाकडे मुलगी देत नाहीत.

नात्यातल्यांसाठी गुजरात सरकारची पालक माता-पिता योजना आहे. आईवडील दोघेही नसतील, किंवा वडील वारले आणि आईने दुसरं लग्न केलं असेल, तर मुलामागे महिन्याला ३००० रुपये मिळतात, अठरा वर्षांपर्यंत. मृत्यूचा दाखला, आईच्या पुनर्विवाहाचा पुरावा आणि दरवर्षी शाळेचा दाखला लागतो. गावाकडून निघतानाच कागद घेऊन या, नंतर अमळनेर-सुरत हेलपाटे पडतात. आणि गल्लीत कुजबुज होतेच, पैशासाठी ठेवलीत म्हणून. मुलांच्या कानावर ते जाण्याआधी तुम्हीच त्यांना सांगा, पैसे किती येतात आणि वह्या, गणवेश, डॉक्टर यांवर कसे जातात. भाची आता तो हिशेब स्वतः लिहिते.

आपल्या पोटच्या पोराकडेही बघा. माझ्या मुलाला सारखं ‘तू मोठा, तू दे’ ऐकावं लागायचं. त्याचं कपाट आता त्याचंच आहे, त्याला कुणी हात लावत नाही.

या सगळ्यात सुख कुठलं म्हणाल तर एक सांगते. एका दुपारी भाचीने ताट सरकवलं आणि ती माझ्यावर ओरडली, ‘रोज काय तीच भाजी करता?’ सासूबाई चिडल्या. मला आनंदाने रडू आलं. जिला घरातून काढतील अशी भीती असते, ती ताट सरकवत नाही.

आता वहिनीच्या घरचं पालटलं आहे. तिचा नवरा म्हणतो, धाकट्याला आणा. माझ्या जिवाला फार लागतंय. पण तो जाणार असेल तर शाळेचं वर्ष संपल्यावर जाईल, मधेच नाही. इथल्या पालिकेच्या मराठी शाळेत त्याचं मन रमलं आहे. आधी दिवाळीची सुटी तिकडे काढून येईल. ते घर बघायला बाल संरक्षण कार्यालयाला मी सांगणार आहे. भाचीने जायचं की राहायचं हे तिला विचारून ठरेल, आणि तो गेला तर त्याचे ३००० रुपये थांबवायचा अर्जही मीच देईन.