तापाआधी श्वास मोज

अंबरनाथ (पूर्व)

चि. सोनू,

फोनवर ऐकलेलं रात्री दोन वाजता आठवत नाही, म्हणून लिहून पाठवते.

बाळ पाळणाघरात जाऊ लागलं की सर्दी-खोकला पाठ सोडत नाही. त्याची धास्ती घेऊ नकोस. जानेवारी २०२५मध्ये एचएमपीव्हीवरून केवढा गहजब झाला! तो विषाणू २००१ सालीच ओळखला गेला होता. आरएसव्ही, फ्लू हेही जुनेच. बहुतेक मुलं आठवड्याभरात सावरतात. क्वचित एखाद्याचं दुखणं फुप्फुसात, मेंदूत किंवा हृदयात उतरतं. ते घरी विषाणूच्या नावावरून कळत नाही, बाळाकडे बघूनच कळतं.

तू तासातासाला थर्मामीटर लावतेस. त्याआधी श्वास मोज. बाळ शांत असताना झबलं वर करून पूर्ण मिनिटभर पोटाकडे बघ. दहा महिन्यांच्या बाळाचे श्वास ५० किंवा जास्त भरले, तर डॉक्टर गाठायचा. वर्ष पूर्ण झालं की हाच आकडा ४०. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, औषध हाती दिलं. १९९०मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या त्यांच्या अभ्यासात, त्या गावांतले न्यूमोनियाचे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्याहून कमी होते. दायांना जमलं, तुला न जमायला काय झालं?

आरएसव्हीत दम बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढतो. म्हणून पहिल्या दिवशी डॉक्टर ‘ठीक आहे’ म्हणाले, तरी लक्ष ठेव. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडणं, कण्हणं, ओठ निळसर होणं, दूध न ओढणं, सहा-आठ तास लंगोट कोरडा राहणं, हाका मारूनही न जागणं: यातलं एक दिसलं तरी सकाळची वाट पाहायची नाही. आमच्याकडे छाया रुग्णालय आहे, उल्हासनगरला मध्यवर्ती. गाडी नसेल तर १०८ लाव.

आकडी आली तर कुशीवर झोपव. तोंडात चमचा घालू नकोस, कांदा-चप्पल हुंगवू नकोस. थांबली तरी लगेच दाखव. तापात ॲस्पिरिन मुळीच नको. विषाणूच्या आजारात त्याने क्वचित यकृत आणि मेंदूला इजा होते. मागच्या खेपेचं उरलेलं अँटिबायोटिकही नको, विषाणूवर ते चालत नाही.

गोवरही श्वासातूनच पसरतो. २०२२मध्ये मुंबई-भिवंडीत त्याने मुलं दगावली. नवव्या महिन्याचा गोवर-रुबेलाचा डोस राहिला असेल तर याच आठवड्यात दे. फ्लूची लसही सहा महिन्यांनंतर देता येते. पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस.

‘सर्दीच तर आहे’ असं घरात कुणी म्हणेलही. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस, श्वासाचा आकडा सांग आणि नीघ. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं, तर फेरी फुकट गेली असं मानू नकोस.

गोवराचा डोस झाला का, ते कळव.

तुझी,
मावशी