बालकांच्या श्वासनलिकेतील कफ

श्वासनलिकेच्या आतील अस्तरातून थोडा श्लेष्मा सतत स्रवत असतो. श्वासाबरोबर आत आलेली धूळ व जंतू त्यास चिकटतात आणि अस्तरावरील सूक्ष्म तंतू तो घशाकडे लोटतात. जंतुसंसर्ग, दमा अथवा चुलीचा धूर यांमुळे अस्तर सुजते, श्लेष्मा वाढतो व घट्ट होतो. बालकाची श्वासनलिका मुळातच अरुंद असल्याने थोड्या कफानेही श्वास अडतो. लहान मूल कफ थुंकत नाही, गिळते; म्हणून तो दिसला नाही तरी निर्धास्त राहू नये.

मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील अर्भकाचे ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरल्यास, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असल्यास अथवा मूल दूध पीत नसल्यास त्यास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.

स्तनपान चालू ठेवावे. खोकल्यावाटे कफ सुटतो. म्हणून खोकला दाबणारे औषध स्वतःच्या मनाने देऊ नये. एक वर्षाखालील बालकास मध चाटवू नये. स्वयंपाकाच्या धुरापासून मुलास दूर ठेवावे.