जाळीची शाल बसेना

प्रश्न : सासूबाईंसाठी जाळीच्या विणीची शाल विणली. कडा वळतात, नक्षी उठत नाही. इस्त्री करू का?
– एक वाचक, पाली (जि. रत्नागिरी)

उत्तर : आधी गुंड्याचं लेबल बघा. स्वस्त लोकर बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते. गरम इस्त्री टेकली की ती कायमची लुळी पडते. इस्त्री बोटभर वर धरून नुसती वाफ द्या, तीही जपून. खरी लोकर असेल तर अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, चटईवर ताणून न गंजणाऱ्या टाचण्या लावा. पूर्ण वाळल्याशिवाय काढू नका. पावसाळ्यात पंखा लावावाच लागेल. धाग्यांची टोकं त्यानंतरच कापा. पुढची शाल मात्र सुती धाग्याची विणा, कोकणच्या दमट हवेत तीच सुखावते. ती दोरीवर टांगू नका, ओल्या वजनाने लोंबते.