गोंडीचा पाठ : डोळ्यांसाठी आणि कानांसाठी

मराठवाड्याची भाषा कोणती, असे कोणी विचारले तर आपण सारे 'मराठी' म्हणून मोकळे होतो. परंतु याच मराठवाड्यात, किनवटच्या डोंगराळ मुलखात, गोंडी बोलणारी घरे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी भाषकांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार होती. तरीही घटनेच्या आठव्या परिशिष्टात या भाषेला स्थान नाही.

किनवटकडील एका वर्गमित्राच्या साहाय्याने, बिडकीनला बसून, मी मोबाईलवर शिकता येईल असा गोंडीचा एक छोटा पाठ तयार केला. तो साफ फसला. का फसला, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गोंडी द्राविडी कुळातील भाषा आहे. दोन, तीन, चार यांना गोंडीत 'रंड, मुंड, नालुंग' म्हणतात. तेलुगूत 'रेंडु, मूडु, नालुगु'. नाते कानाला लगेच पटते. मराठी माणसाची खरी अडचण होते ती लिंगाची. 'तो' म्हणजे 'वोर'. परंतु 'ती' आणि 'ते' या दोहोंसाठी एकच शब्द, 'अद'. मी मुलाच्या चित्राखाली 'वोर' आणि मुलगी व झाड यांच्या चित्रांखाली 'अद' लिहिले, रंग वेगवेगळे दिले आणि स्वतःवर खूष झालो. आमच्या वर्गातील एका अंध मित्राने पाठ ऐकला. त्याच्या कानी फक्त 'वोर, अद, अद' एवढेच पडले. "यांत फरक काय तो सांग ना!" तो म्हणाला. सारा अर्थ मी चित्रात आणि रंगात कोंडून ठेवला होता. शिवाय अक्षरेही चित्रातच कोरलेली, त्यामुळे त्याच्या मोबाईलमधील वाचून दाखविणाऱ्या यंत्रणेला ती दिसेचनात.

मग अक्षरे खरी टंकलिखित केली. पण आता यंत्राचा मराठी आवाज गोंडी शब्द मराठी वळणाने उच्चारू लागला! शेवटी प्रत्येक शब्द वर्गमित्राच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केला आणि त्याला जोडून मराठीत अर्थ सांगितला. ३२ किलोबिट वेगाची एक मिनिटाची ध्वनिफीत जेमतेम २४० किलोबाइट भरते. डोंगरातल्या तुटक्या नेटवर्कवरही ती उतरते. चित्रफितीचे तसे नाही. आणि ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी उच्चारलेले सारे शब्द खाली लिहून ठेवले.

लिपीचा प्रश्न नाजूक आहे. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी घडविली. तेलंगणातील गुंजाळा गावी जुन्या हस्तलिखितांची निराळी लिपी मिळाली. युनिकोडमध्ये पहिली २०१७ साली आली, दुसरी २०१८ साली. या लिपींशी गोंड समाजाचा अभिमान निगडित आहे, हे मी जाणतो. तरी पहिल्या पाठात मी देवनागरीच ठेवली. भाषा आणि लिपी यांचे दुहेरी ओझे नवशिक्यावर एकदम टाकावे, असे मला वाटत नाही. वर्गमित्राला हे पटलेले नाही. त्याच्या मते निदान शीर्षक तरी गोंडी लिपीत हवे, आणि ते मी मान्य केले आहे.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. घराला कोठे 'रोन' म्हणतात, कोठे 'लोन'. वर्गमित्र 'लोन' म्हणतो, आमच्या हाती असलेल्या पुस्तिकेत 'रोन' आहे. तूर्त दोन्ही शब्द एकापाठोपाठ ऐकविले आहेत, आधी त्याच्या घरचा.